‘नेट बंद आहे’ म्हणण्यापूर्वी

व्यापारी घराण्यांना निरोपाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. आंगडियाच्या हाती दिलेली चिठ्ठी, तारेने कळलेला बाजारभाव, ट्रंक कॉल नोंदवून फोनजवळ बसून काढलेली दुपार, या गोष्टी आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीने स्वतः अनुभवल्या आहेत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता ती सारी जबाबदारी घराच्या भिंतीतून आत आलेल्या काचेच्या एका बारीक तंतूवर येऊन पडली आहे. पेढीचे ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचा आरटीजीएस, मालाचे नमुने दाखवणारी छायाचित्रे हे सर्व त्याच तंतूवरून जाते. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका व्यवहाराची भर पडली आहे. घरातील मुलगा, मुलगी किंवा सून दूरच्या शहरातील कंपनीचे काम घरी बसूनच करू लागली आहे.

या दोन व्यवहारांत एक फरक आहे आणि तो बहुतेक घरांच्या ध्यानात येत नाही. पेढीची लाइन अर्धा तास बंद राहिली, तर बिल अर्धा तास उशिरा निघते आणि गाडी थोडी उशिरा सुटते. घरून काम करणाऱ्याची बैठक मात्र त्याच क्षणी वाया जाते. पंधरा सहकाऱ्यांसमोर चेहरा गोठतो, आवाज तुटतो आणि उत्तर अर्धेच पोचते. असे एकदा झाले तर लोक हसून सोडून देतात. महिन्यात चौथ्यांदा झाले की वरिष्ठांच्या मनात प्रश्न उभा राहतो आणि ‘कार्यालयात येऊनच काम करा’ असा निरोप येतो. सांगली, बार्शी किंवा जळगावात सासरी राहणाऱ्या सुनेसाठी पुण्याच्या कार्यालयात रोज हजर होणे शक्य नसते. तिच्यासाठी त्या निरोपाचा अर्थ नोकरी सोडणे एवढाच उरतो. म्हणून घरातील इंटरनेटचा दोष शोधणे ही कुटुंबाच्या मिळकतीशी आणि एका माणसाच्या उमेदीशी जोडलेली गोष्ट आहे.

प्रत्येकाचे म्हणणे खरे

बाजारपेठेच्या गावातील एखादे तिमजली घर डोळ्यांसमोर आणावे. तळमजल्यावर पेढी, पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, दुसऱ्या मजल्यावर शयनगृहे. सून वरच्या खोलीतून घाईघाईने जिन्यात येते आणि म्हणते, “पप्पा, नेट गेलंय.” सासरे गल्ल्यावरून उत्तर देतात, “अगं, खाली तर बिल निघतंय की!” सासूबाई म्हणतात, “माझं प्रवचन नीट दिसतंय.” नातवाची तक्रार वेगळीच असते, “आई, गेम सारखा अडकतोय.” मग कोणीतरी राउटरचे बटण बंद-चालू करते, तात्पुरते भागते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घडते.

येथे कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपल्या जागेवरून जे दिसते तेच सांगतो. अनेकांताचा संस्कार असलेल्या घराला यात नवे काही नाही. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त वस्तूचे असणे आणि नसणे ज्या अपेक्षांनी सांगितले, ते चतुष्टय स्वाध्यायात बसणाऱ्यांच्या परिचयाचे आहे: द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव. कोणतेही विधान या चार अपेक्षांसह केले तरच ते नेमके होते. ‘नेट बंद आहे’ या विधानाला हीच कसोटी लावावी. कोणत्या उपकरणावर बंद आहे, घराच्या कोणत्या भागात, कोणत्या वेळी आणि कोणत्या प्रकारे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा कळून चुकते. दोष कळण्यापूर्वी केलेला खर्च मात्र सहसा वाया जातो.

द्रव्य: कोणते उपकरण?

पहिला प्रश्न सोपा आहे. अडचण एकाच उपकरणावर आहे की सर्वांवर? सुनेच्या लॅपटॉपवर बैठक तुटत असताना त्याच खोलीत, त्याच वायफायवर तिच्या मोबाइलमध्ये सर्व काही सुरळीत चालत असेल, तर लाइनला आणि राउटरला दोष देण्याचे कारण नाही. लॅपटॉपमध्ये पार्श्वभूमीला एखादे मोठे अपडेट उतरत असते, छायाचित्रांचा साठा क्लाउडवर चढत असतो, नाही तर वायफायचे जुने ड्रायव्हर सॉफ्टवेअर कुरकुरत असते. ही पाहणी करताना मोबाइलचा सिम-डेटा बंद ठेवावा. अन्यथा मोबाइल हळूच सिमवर जातो आणि वायफाय चांगले असल्याचा भास होतो.

कार्यालयीन लॅपटॉपवर बहुधा कंपनीचे व्हीपीएन असते. म्हणजे सर्व माहिती आधी कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तेथून पुढे. व्हीपीएन बंद असताना सर्व ठीक आणि सुरू करताच संथ, असे दिसले तर तक्रार केबलवाल्याकडे न नेता कंपनीच्या आयटी विभागाकडे न्यावी. दोष पलीकडच्या टोकालाही असू शकतो. विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी जीएसटीचे पोर्टलच संथ होते, हा अनुभव व्यापाऱ्यांना नवा नाही. तसेच एखाद्या दिवशी बैठकीच्या सेवेचेही होते. एका सहकाऱ्याला फोन करून ‘तुझ्याकडे चालते आहे का’ असे विचारले, तरी अर्ध्या मिनिटात शंका फिटते.

क्षेत्र: घराचा कोणता भाग?

दुसरा प्रश्न जागेचा. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन लॅन केबलने जोडावा आणि तेच काम करून पाहावे. केबलवर अडचण नाहीशी झाली, तर बाहेरून येणारी लाइन निर्दोष आहे आणि दोष घरातील वायफायचा आहे. केबलवरही तसेच राहिले, तर दोष मोडेम, लाइन किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे. ही एक परीक्षा घराचे दोन भाग पाडते आणि निम्मी शंका एका फटक्यात मिटवते.

थोडे अधिक जाणणाऱ्यांसाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती देऊन आधी राउटरच्या पत्त्याकडे आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याकडे उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते पाहावे. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, बाहेरचा पत्ता म्हणून ८.८.८.८ घेता येतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे द्यावेत. राउटरकडून उत्तर थोड्याच मिलिसेकंदांत आणि सारख्या गतीने यायला हवे. तेच कधी ३, कधी ३०० असे उडत असेल, तर दोष घरातल्या घरात, वायफायचा आहे. राउटरचे उत्तर स्थिर आणि बाहेरचे मात्र तुटक असेल, तर दोष दाराबाहेर आहे.

व्यापारी घरांत वायफाय दुबळे असण्याचे एक ठरावीक कारण आढळते. जोडणी घेतली तेव्हा ती पेढीसाठी घेतली. म्हणून राउटर गल्ल्यामागे, तिजोरीशेजारी किंवा लोखंडी कपाटावर बसवला गेला. घराने ज्याला काम मानले, त्याच्याजवळ तो राहिला. पुढे दुसऱ्या मजल्यावर दुसरे काम सुरू झाले, तरी राउटर जागचा हलला नाही. वायफायच्या लहरींना लोखंड अडवते, आरसा अडवतो, पाण्याची टाकी अडवते आणि स्लॅबमधल्या सळया क्षीण करतात. दोन स्लॅब आणि एक तिजोरी ओलांडून गेलेला संकेत वरच्या खोलीत बैठकीच्या कामाचा उरत नाही. ‘खाली चालू आहे’ हे सासऱ्यांचे म्हणणे म्हणूनच खरे असते आणि ‘वर बंद आहे’ हे सुनेचे म्हणणेही तितकेच खरे असते.

राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर आणि भिंतीपार जातात, पण त्यांची गती कमी असते आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची त्याच पट्ट्यात गर्दी असते. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच लहरींवर चालतो. म्हणून तो सुरू असताना स्वयंपाकघरालगतच्या खोलीत वायफाय अडखळते. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक वेगवान असतात, पण भिंतींपुढे लवकर थकतात. दोन्हींना वेगळी नावे देऊन कोणत्या खोलीत कोणती बरी चालते ते पाहून घ्यावे.

काल: कोणती वेळ?

तिसरा प्रश्न वेळेचा आहे आणि त्याचे उत्तर आठवणीवर न सोडता वहीत नोंदवावे. तीन दिवस, सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास, गतीची चाचणी घेऊन डाउनलोड, अपलोड आणि पिंग हे तीन आकडे लिहावेत. चाचणी शक्यतो केबलवर घ्यावी. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला हे अवघड नाही आणि नऊ नोंदींमधून जे दिसते ते नुसत्या चर्चेतून दिसत नाही.

दिवसभर गती उत्तम आणि रात्री आठ ते अकरा कोसळते, असे दिसले तर कंपनीच्या सामायिक लाइनवर गर्दी होत आहे. फायबरच्या जोडणीत एकाच मूळ तंतूची विभागणी अनेक घरांत केलेली असते. ३२ किंवा ६४ घरांची विभागणी सर्रास आढळते. याउलट ठरावीक वेळी फक्त आपल्याच घरात अडचण येत असेल, तर कारण घरातच असते. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपले की घरातील सर्व जण एकाच वेळी मोकळे होतात. दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर प्रवचन सुरू होते, मुले खेळ उघडतात, लग्नाची छायाचित्रे क्लाउडवर चढू लागतात. लंडन किंवा अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्या सुनेची बैठक नेमकी तेव्हाच असते.

पावसाळ्यात आणखी एक वेळ पाहावी. दर पावसात लाइन जात असेल आणि ऊन पडताच परत येत असेल, तर बाहेरच्या जोडात पाणी शिरत असण्याचा संभव असतो किंवा खांबावरची तार फांदीला घासत असते. तंत्रज्ञ स्वच्छ उन्हात येतो, सर्व ठीक असल्याचे पाहतो आणि निघून जातो. त्याला ‘पाऊस सुरू झाल्यावर वीस मिनिटांत जाते’ असे तारखांसह सांगितले, तर तो नेमक्या जागी शिडी लावतो.

भाव: दोषाचे स्वरूप काय?

चौथा प्रश्न दोषाच्या रूपाचा. पूर्ण बंद, संथ, अडखळणारे आणि काही चालते-काही चालत नाही, ही चार निरनिराळी दुखणी आहेत.

पूर्ण बंद असेल, तर आधी फायबरच्या मोडेमवरील दिवे वाचावेत. बहुतेक मोडेमवर ‘लॉस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. तंतू कोठेतरी तुटला किंवा दुमडला आहे. अशा वेळी राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. कपाट सरकवताना तार दबली नाही ना, मोडेममागचा जोड सैल नाही ना, एवढे पाहून तक्रार नोंदवावी. जोड उघडून तंतूच्या टोकाकडे डोळा लावू नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असूनही इंटरनेट नसेल, तर लाइन शाबूत आहे आणि खात्याची काही अडचण आहे. योजनेची मुदत संपलेली असणे हे याचे सर्वांत साधे कारण, आणि ते पाहायचे बहुतेकांच्या शेवटी ध्यानात येते.

संथ असेल, तर आधी आकड्यांचा अर्थ नीट लावावा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो; म्हणून फाइल उतरताना सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट दिसतील. तोळा आणि ग्रॅम यांत गल्लत करून सराफावर रागवण्यासारखे ते होईल. ३०० एमबीपीएसची योजना असून केबलवर ९४-९५च्या पुढे आकडा जात नसेल, तर राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे किंवा लॅन केबलमधील चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे. केबल बदलून पाहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

अडखळणे हे घरून काम करणाऱ्याचे खरे दुखणे. प्रवचन नीट दिसते आणि बैठक तुटते, याचे कोडे येथे सुटते. प्रवचनाची ध्वनिचित्रफीत पुढचा काही भाग आधीच साठवून ठेवते. मध्येच काही सेकंद लाइन अडली तरी पाहणाऱ्याला कळत नाही. बैठकीत समोरचा माणूस पुढे काय बोलणार ते आधी साठवता येत नाही. तेथे प्रत्येक क्षणाचा आवाज त्याच क्षणी पोचावा लागतो. शिवाय बैठकीला अपलोडही लागते, प्रवचनाला ते जवळजवळ लागत नाही. सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, तीही डाउनलोडचीच. योजना घेताना ग्राहकही तोच एक आकडा विचारतो.

अपलोडचा हिशेब मांडून पाहावा. चांगल्या चित्राच्या बैठकीला साधारण ३ ते ४ एमबीपीएस अपलोड लागते. दुकानाचे चार कॅमेरे क्लाउडवर चित्रण पाठवत असतील आणि प्रत्येकाला २ एमबीपीएस लागत असतील, तर ८ तेथेच खर्ची पडले. जोडणीचे अपलोड १० एमबीपीएस असेल, तर बैठकीला उरले २. डाउनलोडची गती १०० दाखवत असूनही बैठक का तुटते, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. कॅमेऱ्यांचे चित्रण दुकानातील डीव्हीआरवर साठवले आणि क्लाउडवर फक्त हालचाल दिसल्यावरच पाठवण्याची सोय केली, तर एक पैसाही खर्च न होता अडचण दूर होऊ शकते.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडत नाहीत, असे असेल तर बरेचदा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या निर्देशिकेचा दोष असतो. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरल्यावर तो बहुधा जातो.

उपाय: आधी हलवणे, मग विकत घेणे

दोष निश्चित झाल्यावरच उपायाकडे वळावे आणि तेही कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे. बंद-चालू करायचे असेल तर क्रमाने करावे: दोन्ही उपकरणे बंद करून अर्धा मिनिट थांबावे, आधी मोडेम सुरू करावे, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे ‘रीसेट’ छिद्र असते, त्याला हात लावू नये. त्याने जोडणीचे नाव आणि पासवर्ड यांसह सर्व मांडणी पुसली जाते आणि दुखणे दुप्पट होते.

त्यानंतर जागा. राउटर तिजोरीजवळून काढून जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, उंचावर आणि मोकळ्या जागी बसवावा. तो हलवण्यापूर्वी मऊ कुंचला किंवा पुंजणी हलकेच फिरवावी. चोवीस तास उबदार राहणाऱ्या या डब्यांमागे मुंग्या आणि बारीक जीव आसरा घेतात. तार उंदीर कुरतडत असतील, तर विषारी गोळ्यांचा विचार न करता तार जाड पाइपातून न्यावी आणि भिंतीतील छिद्रे बुजवावीत. जिवांची यतना होते आणि तारही टिकते.

जागा बदलूनही वरच्या खोलीत भागत नसेल, तर जिन्यावरून कॅट-६ची लॅन केबल वर न्यावी. १०० मीटरपर्यंत ती गती कमी होऊ देत नाही. कोणत्याही घराला एवढे अंतर पुरते. त्या केबलला वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडला की पूर्ण मजला उजळतो. बाजारात मिळणारा साधा वायफाय एक्स्टेंडर एकाच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर देतो, म्हणून गती निम्म्याच्या आसपास येते. तो घेण्यापूर्वी केबलचा विचार करावा. कामाचा लॅपटॉप थेट केबलवर ठेवता आला, तर त्याहून चांगले काही नाही.

विजेकडेही पाहावे. अनेक घरांत दिवे गेले की इन्व्हर्टर लागतो, पण त्या क्षणार्धाच्या अंतरात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटे जातात. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ अशी निवड असल्यास ती ठेवावी, किंवा मोडेम-राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना अ‍ॅडॅप्टरवरील व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त आहेत याची खातरजमा करावी. जुना झालेला अ‍ॅडॅप्टर स्वतःच राउटर वारंवार बंद पडण्याचे कारण असतो, हेही लक्षात ठेवावे.

शेवटी दुसरा मार्ग. एकाच दलालावर सर्व माल सोपवू नये हे व्यापारी जाणतोच. घरातील फायबर एका कंपनीचे असेल, तर मोबाइलचे एक सिम दुसऱ्या कंपनीचे असावे आणि त्याचे हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून तपासून ठेवावे. लाइन तुटलीच, तर बैठकीत चित्र बंद करून केवळ आवाजावर राहावे. आवाजाला फार थोडी गती पुरते.

तक्रार आणि घराचा करार

दोष दाराबाहेरचा ठरला, तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वहीतील तारखा, वेळा आणि आकडे सोबत पाठवावेत. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. ट्राय ही संस्था एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तेथे वेळ घालवू नये. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या पायरीपर्यंत क्वचितच जावे लागते. पण तेथे पोचल्यावर उपयोगी पडते ती क्रमांक आणि तारखा असलेली वहीच.

घरातला करारही तितकाच आवश्यक आहे. कोणाची बैठक किती वाजता आहे, हे स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहिलेले असावे. त्या तासात मोठ्या फाइली चढवणे आणि खेळांची अपडेट थांबवावीत. अनेक राउटरांत एखाद्या उपकरणाला प्राधान्य देण्याची सोय असते. ते प्राधान्य कामाच्या लॅपटॉपला द्यावे. घरून काम करणाऱ्यानेही वरिष्ठांना अडचण घडून गेल्यावर कारणे सांगण्यापेक्षा आधीच कळवावे: दोष कोठे सापडला, काय उपाय केला, पर्यायी जोडणी कोणती आहे. आकड्यांसह दिलेल्या अशा निवेदनाने विश्वास टिकतो.

आणि राउटरजवळ एक जाड कागद चिकटवावा. त्यावर ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी, योजनेची मुदत संपण्याची तारीख, अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर आणि मागील तक्रारीचा क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहावा. खाली चार ओळी मोकळ्या सोडाव्यात: उपकरण, जागा, वेळ, स्वरूप. पुढच्या वेळी जिन्यातून हाक येण्याआधी ज्याला अडचण दिसेल त्याने त्या चार ओळी भराव्यात. सासऱ्यांनी भरल्या तरी चालतील, नातवाने भरल्या तरी चालतील.